उजव्या दांड्याची भेग

मी शिडीचा उजवा दांडा बोलतोय. अख्खी शिडी कशाला बोलेल? दुखणं माझं होतं. डावा दांडा माझा भाऊ, पण जन्माचा घुम्या.

सुताराने आम्हाला एकाच लाकडातून काढलं, मध्ये पायऱ्या ठोकल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला विकलं. माणूस तापट, पण कामाला पक्का. जगाला रंग लावायचा, आम्हाला नाही. "लाकूड उघडं असलं की काय बिघडलंय ते दिसतं," म्हणायचा. नुसतं तेल पाजायचा.

वर तो, खाली शिडी धरायला त्याची तरणी पोरगी. ही पोरगी वेगळी. वस्तूला हात लावला की त्या वस्तूचं दुखणं तिला कळायचं. शेजारणीच्या मिक्सरला हात लावून म्हणाली, "हा चालू करू नका, जळेल." शेजारीण हसली. मिक्सर जळला. दोष कुणाला? पोरीला! तोंडच वाईट म्हणे. बोभाटा झाला आणि तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. बापाने दम भरला, "हाताला कळतं ते हातातच ठेव. चारचौघांत बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

पुढे एकदा टेम्पोतून उतरवताना मी आपटलो. आत भेग गेली. कुणी बघितलं नाही. त्यातच मोठं काम मिळालं म्हणून तिच्या हौशी काकाने आम्हाला निळाशार ऑइलपेंट फासला. बाप खूप ओरडला, पण रंग वाळला होता. भेग बुजली. वरून मी नवरदेव, आतून फाटलेला.

कामाच्या दिवशी पाटी उंचावर होती. बाप डबा घेऊन चढू लागला. पोरीने मला धरलं आणि तिला माझं दुखणं कळलं. मी आतून बोंबलत होतो. ऐकणारं माणूस एकच, आणि तिलाच बोलायची बंदी.

"बाबा, खाली या."

"का गं?"

तिने आजूबाजूला बघितलं. दुकानदार, काका, रस्त्यावरचे रिकामटेकडे, सगळे बघत होते. बाप भेगेच्या जवळ पोचला. त्याने पुढच्या पायरीवर ठेवायला पाय उचलला.

"बाबा! शिडी मोडणार आहे. उजवा दांडा. त्याचं दुखणं मला कळतंय!"

"झालं हिचं सुरू," काका म्हणाला.

"शिडीला डॉक्टर बोलवू का?" दुकानदार म्हणाला. सगळे खदाखदा हसले.

बाप लालबुंद झाला. सरसर खाली उतरला आणि पोरीवर हात उगारला. ती जागची हलली नाही.

"काय सांगितलं होतं तुला? ही मोडणार? ही?" तिला बाजूला सारून त्याने आम्हाला भिंतीवर दाणकन आपटलं.

कडाड! मी दुभंगलो. वरचा तुकडा भावाला ओढत रस्त्यावर कोसळला. हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. बाप वर बघत होता. तो पाय ठेवणार होता तिथे आता पायरीच नव्हती. मग तो मटकन फुटपाथवर बसला.

आता माझा खालचा तुकडा त्यांच्या घरी कोपऱ्यात, रंगाचे डबे अडकवायला. निळा रंग पोरीने खरवडून काढला. नवी शिडी आलीय, बिनरंगाची. चढण्याआधी बाप चारचौघांत, पोरीकडे न बघता खेकसतो, "काय म्हणतेय गं शिडी?" माफी मागायची त्याची तीच तऱ्हा. अडाणी कुठला!

तुम्हाला एवढंच सांगतो. लाकडी शिडीला रंग फासू नका. आणि खाली उभी असलेली पोर "उतरा" म्हणाली, तर आधी उतरा. हसायचंच असेल, तर मग जमिनीवर उभं राहून हसा.