शंगची नववी नळी

कल्याणला पारनाक्यापासून आत वळलं की विठ्ठल मेस्त्रींचं पेटीदुरुस्तीचं दुकान लागतं. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून काम लहानपणापासून त्यांच्या हाताखाली शिकलेली त्यांची मुलगी दर्शना करते. विठ्ठलकाका तरीही रोज टिटवाळ्याहून तिच्याबरोबर येतात आणि स्टुलावर बसतात. हात गेला, पण कान शाबूत आहे. पेटीचा सूर केसभर उतरला असला तरी ते पेपरातून मान वर करतात.

गेल्या ऑक्टोबरात दुपारी एक बाई कापडात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून आल्या. कादंबरी दामले, राहणार ठाणे, कोपरी. नोकरीसाठी सात वर्षं चीनमध्ये राहून परत आलेल्या. त्यांनी कापड सोडलं. वाटीएवढा पितळी वाडगा, त्याला पुढे फुंकायची नळी, आणि वर उभ्या रोवलेल्या बांबूच्या सतरा बारीक नळ्या.

"याला शंग म्हणतात," त्या म्हणाल्या. "यातली नववी नळी बंद पडलीये. काका, हे तुमच्याकडे होईल का?"

"मी नाही, ही बघेल," विठ्ठलकाकांनी मुलीकडे बोट केलं.

दर्शनाने नळी अलगद उपसून काढली. नळीच्या तळाला मेणाने चिकटवलेली पितळेची इवलीशी पट्टी होती आणि पट्टीच्या मधोमध कापलेली जीभ. ती जीभ बुडाशी तडकली होती.

"ही तर आपल्या पेटीतल्या रीडसारखी दिसते," ती म्हणाली.

"तिकडे हे दोन-तीन हजार वर्षांपासून आहे," कादंबरी म्हणाल्या. "पेटीची पणजीच म्हणा."

मग त्यांनी आपलं काम सांगितलं. त्या चिनी भाषेत गाणी लिहून गातात. आजकालच्या पोरांची असतात तशी, कॉम्प्युटरवरचे ड्रम, गिटार, सगळं. नव्या गाण्यात मात्र मध्येच ठेका थांबतो आणि शंगवर नावाड्यांची एक जुनी धून येते. ती त्यांना त्यांच्या गुरूंनी, लियाओ सरांनी शिकवली होती. रेकॉर्डिंग दहा दिवसांवर आलं होतं आणि वाद्य दुरुस्तीला तिकडे पाठवलं तर दोन महिने तरी परत येणार नव्हतं.

"कॉम्प्युटरवर हाच आवाज नाही का मिळत?" दर्शनाने विचारलं.

"मिळतो ना. पण त्यात माणसाचा श्वास नसतो. आमच्या साउंडवाल्यालाही ते पटलंय."

दर्शनाने वाद्य ठेवून घेतलं.

मोडीत निघालेल्या एका जुन्या पेटीचं पितळ तिच्याकडे होतं. त्यातून तिने पट्टी कापली, घासून पातळ केली, बारीक छिन्नीने तीन बाजूंनी जीभ मोकळी केली. पेटीच्या रीडला करतात तसं जिभेचं टोक किंचित उचललं, मेणाने बसवली आणि नळी वाडग्यात खोवली. नळीच्या अंगावरच्या भोकावर बोट ठेवून फुंकलं. सूर आला. तिला बरं वाटलं.

"आता श्वास आत ओढ," विठ्ठलकाका म्हणाले. बाईंनी दुकानात वाजवून दाखवलं, तेव्हा हे वाद्य फुंकतानाही वाजतं आणि ओढतानाही, हे त्यांनी टिपलं होतं.

तिने ओढलं. नळी मुकी.

दुसरी पट्टी केली, तिसरी केली. ओढताना एकही बोलेना. चौथी तर छिन्नीखाली फाटलीच. पाचव्या दिवशी दर्शना काम सोडून नुसती बसून राहिली. कुठे चुकतंय ते विठ्ठलकाकांनाही ठाऊक नव्हतं.

मग तिने शेजारची चांगली नळी काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. जिभेच्या कडेने उजेडाची जेमतेम एक रेघ दिसत होती. टोक उचललेलंच नव्हतं, जीभ पट्टीत सपाट निजलेली होती. पेटीत वारा एकाच बाजूने येतो, म्हणून टोक उचलावं लागतं. इथे तो दोन्हीकडून येणार. आपला हात वीस वर्षं एकच गोष्ट करत आला आणि इथेही तीच करत राहिला, हे तिच्या ध्यानात आलं.

पाचवी पट्टी तिने टोक न उचलता, दोन दिवस लावून केली. सूर जुळवायला जिभेच्या टोकावर मेणाचा मोहरीएवढा ठिपका ठेवला. विठ्ठलकाका डोळे मिटून ऐकत होते.

"चढा आहे. अजून जरा मेण... थांब. बास."

फुंकलं, वाजली. ओढलं, वाजली.

दुसऱ्या दिवशी कादंबरी आल्या त्या फोनवर लियाओ सरांना घेऊनच. सत्तरीचे, टक्कल पडलेले, चेहरा कडक. कादंबरींनी तीच नळी चार-पाच वेळा वाजवली. सरांनी हाताने खूण केली, पुन्हा. मग म्हणाले, पट्टी दाखवा. दर्शनाने नळी काढून कॅमेऱ्यासमोर धरली, उजेडाकडे तिरकी केली.

सर एक वाक्य बोलले. कादंबरींनी दर्शनाकडे वळून सांगितलं, "विचारतायत, कोणाच्या हाताखाली शिकलात?"

"माझ्या वडिलांच्या," दर्शना म्हणाली आणि फोन स्टुलाकडे वळवला.

विठ्ठलकाका गडबडून उभे राहिले. थरथरणारा हात डाव्या हाताने धरून त्यांनी नमस्कार केला. तिकडे लियाओ सरही खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकले.

"ते म्हणतायत, तुमची विद्या चांगल्या हातात गेलीये," कादंबरी म्हणाल्या.

"त्यांना सांगा, मी शिकवलेलं विसरली तेव्हा जमलं तिला," विठ्ठलकाका म्हणाले. कादंबरींनी ते चिनीत सांगितलं आणि तो कडक चेहरा पहिल्यांदा हसला.

डिसेंबरात गाणं आलं. टिटवाळ्याच्या घरी दर्शनाने आईला, कलावतीबाईंना, फोनवर ऐकवलं. शब्द कोणालाच कळत नव्हते. ड्रम धडधडत होते, कादंबरींचा आवाज त्यांच्यावरून चालला होता, आणि मध्येच सगळं थांबून शंग सुरू झाली, लांबवर कोणी पाण्यावरून बोलावतंय तशी.

"हा जो आत्ता लांबला ना आई, तो सूर माझा."

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. गाण्याखाली नावांची यादी होती. त्यात चिनी अक्षरांत दर्शनाचं नाव कोणतं, हे कादंबरींनी तिला पाठवलेल्या फोटोत गोल करून दाखवलं होतं. विठ्ठलकाकांनी तो फोटो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. कलावतीबाईंनी तोवर सावंतवाडीला बहिणीला फोन लावला होता.

"ऐकतेस का, आमच्या दर्शनाचं चिनी गाणं आलंय."

"आई, गाणं माझं नाहीये, एक पट्टी माझी आहे."

"तेच ते," कलावतीबाई म्हणाल्या आणि आपला फोन दर्शनाच्या फोनजवळ धरला.