जांभळं सोंग आणि वाकडा चांद

मित्रांनो, ताटातल्या भाजीला नावं ठेवणारा जावई एक वेळ परवडला. पण सासूने स्वतः शिवलेल्या वस्तूला तिला न विचारता कात्री लावायला निघालेला रांगेलसारखा जावई वैऱ्याच्याही घरी येऊ नये.

मी एक जुनी झूल आहे, लांब केसांच्या बकऱ्यांच्या कातड्यांची. आमच्या बल्गेरियातल्या डोंगरात थंडी सरताना पुरुष अंगावर झूल आणि कमरेला घंटा चढवून कुकेर होतात. कुकेर म्हणजे कुणीच न पाहिलेलं जनावर. त्याला बघून हिवाळा पळतो.

कुणी पाहिलं नाही, म्हणून काय वाटेल ते रंग फासायचे? त्सोंकाआजीने मला शिवायला घेतलं, तेव्हा ती आधी आठवडाभर नुसती कळपात जाऊन बसली होती. जनावर खोटं असलं तरी रंग खरा हवा, हा तिचा हट्ट. म्हणून माझी पाठ तपकिरी, कण्यावरून काळी रेघ, पोटाखाली धुरकट पांढरं आणि गुडघ्यांखाली काळं. कपाळावर पांढरा चांद, तोही वाकडा. "सरळ चांद घेऊन कुठली बकरी जन्मली?" असं ती म्हणायची.

मग मला बकऱ्यांच्या गोठ्यापुढून चालवलं. आमच्याकडे रीतच आहे. नवं सोंग बकऱ्यांनी हुंगलं, तरच ते चौकात जातं. त्या दिवशी एका म्हाताऱ्या बकरीने माझी बाही चाटली होती! पुढे आजीचा नवरा वेल्को याने मला घालून एकतीस हिवाळे पळवले. तो गेला आणि मी माळ्यावर पडले. मला कसर लागली. कुणी ऊन दाखवलं नाही.

यंदा आजीचा जावई रांगेल याने नवं सोंग केलं. शी! अंगभर जांभळं, त्यावर वाघाचे पट्टे, पोटावर बिबट्याचे ठिपके, शेपटीला हिरवा तुरा. जत्रेतल्या रंगीत गोळ्या खाऊन कुणी ओकावं, तसं. पुडीतल्या रंगाचा तो आंबूस वास तर माझ्या केसाकेसांत शिरला.

"फक्त चांद राहिलाय, आई. या जुन्याचा कापतो," म्हणत त्याने मला माळ्यावरून खाली ओढलं आणि माझ्या कपाळाला कात्री लावली.

"हात काढ!" आजी कडाडली. "आधी रीत. बकऱ्यांनी तुला हुंगलं, तर चांद मी स्वतः कापून देईन. नाही हुंगलं तर?"

"तर तुमची झूल घालीन. पण बकऱ्यांना काय कळतंय, आई?"

"एवढं कळतं की जावयाची भीड धरायची नसते."

आजी मला काखेत घेऊन गोठ्याशी उभी राहिली. भुरभुर बर्फ पडत होता. रांगेल ऐटीत आला खरा, पण सोंगाचे केस भिजले आणि रंग सुटला. जांभळे ओघळ त्याच्या मानेवरून मिशीत उतरले. पुढची बकरी शिंकली. बाकीच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या. बोकडाने पाठ फिरवून लेंड्या टाकल्या. माझ्या कपाळावरची कात्री टळली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि नवं घडवायचं असेल, तर आधी खऱ्याकडे डोळे भरून बघा.

कानापर्यंत जांभळा झालेला रांगेल खाली मान घालून आला आणि माझ्यासाठी हात पुढे केले. आजीने मला मागे ओढलं.

"आधी तीन आंघोळी, जावईबापू. मग झूल. आणि पुढच्या वर्षी रंग हवा असेल तर दुकानात जाऊ नकोस, गोठ्यात येऊन बस. तिथल्या साऱ्याजणी तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत."