बाईंच्या घरी भाकरी

सत्तावन्न साल. आमच्या सांगवीत बालवाडी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. शिकवायला इंदुताई. साताऱ्याकडच्या, एकट्या, गावात एक खोली घेऊन राहायच्या. रोज सकाळी गल्लीगल्लीतून फिरायच्या, दारादारात उभं राहून पोरांना हाका मारायच्या. पोरं पदराला धरून मागं मागं जायची. पदर कधी धड राहिला नाही त्यांचा.

माझ्या भावाची पोर, गोजा, त्या पदराला धरून जायची. चार वर्षांची होती. घटसर्प झाला. दवाखान्यात नेईपर्यंत घसा बंद झाला. रविवारी संध्याकाळी आम्ही तिला नदीकाठी पुरून आलो.

सोमवारी बालवाडी बंद राहिली. मंगळवारी सकाळी दारात हाक आली. "गोजाबाई, चला गं!"

घरात कुणी हललं नाही. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती, तिचा हुंदका तेवढा ऐकू आला. माझं डोकं फिरलं. मी बाहेर गेलो आणि नाही नाही ते बोललो. "बाई, अक्कल गहाण टाकली का? कुणाला बोलवताय?"

इंदुताई नुसत्या बघत राहिल्या. मागच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "बाई, गोजी मेली ना?"

आपण कुणाला हाक मारली, ते त्यांना तेव्हा कळलं. रोजची हाक, सवयीनं तोंडातून गेली होती. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी दार लावून घेतलं.

दुपारी सरुबाई आली. बालवाडीत झाडलोट करायची, पाणी भरायची. उंबऱ्याबाहेर बसूनच बोलली.

"ज्योतीराम, कुणाशी कसं बोलावं काई कळतं का तुला? बाईंनी पोरं माघारी धाडली. नानासाहेबांना चिठ्ठी लिवून ठिवली. म्हनत्यात, उद्या सकाळी नेऊन द्या, मी जाते गावाला."

नानासाहेब बालवाडीच्या मंडळाचे अध्यक्ष.

"जाऊ देत," मी म्हणालो.

"जाऊ देत कसं? मागं पस्तीस लेकरं हायत. रविवारपासनं चूल न्हाई पेटवली बाईनं. मी भाकरी द्यायला गेले तर म्हनली, माझं कोन मेलंय? तुमी कशाला आनताय?"

आत वहिनी उठून बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. आमच्या घरीही चूल बंदच होती. सुतकाचं घर. भावकीतल्या घरांतून भाकरी-पिठलं येत होतं, तेच दोन घास गिळायचे. वहिनीनं टोपल्यातल्या चार भाकरी फडक्यात बांधल्या, वाटीत पिठलं घेतलं.

आई ओरडली. "शालन, याड लागलं का? सुतकातलं अन्न दुसऱ्याच्या दारात न्यायचं?"

"दुसऱ्याच्या कुठं, आत्या? तिलाबी सुतकच हाय की."

"ती कोन आपली?"

"सकाळपासनं दुपारपातूर गोजा कुनाजवळ असायची?"

आईनं तोंड फिरवलं. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमी बी चला. बोलला कोन?"

इंदुताईंची खोली उघडीच होती. जमिनीवर बसल्या होत्या. वहिनीला बघून उठायला लागल्या, पण परत बसल्या.

"माझ्या हातून झालं, शालन. शनिवारी तिला मांडीवर घेतली होती. अंग कोमट लागलं. मला वाटलं उन्हात खेळलीय म्हणून असेल. तेव्हाच तुला येऊन सांगितलं असतं तर..."

"मलाबी तसंच वाटलं," वहिनी म्हणाली. "रात्री मीच म्हनले, गूळ खाल्ला म्हून घसा धरलाय. हळद चाटवली."

मग वहिनीनं फडकं सोडलं. भाकरी मोडून अर्धी इंदुताईंच्या हातात दिली, अर्धी स्वतः घेतली. इंदुताईंनी घास तोंडात घातला आणि मग रडल्या. अशा रडल्या की सरुबाई दारातून आत आली.

मी म्हणालो, "बाई, सकाळचं माझं चुकलं." त्यांनी मान हलवली. माफ केलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

चिठ्ठी कोनाड्यात होती. वहिनी म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या. आधी रडून घ्या. लहान लेकराचं सुतक तीनच दिवस धरत्यात, पर तुमी आठ दिवस धरा."

"आणि पोरं?"

"सरुबाई बघंल."

"मी?" सरुबाई दचकली. "मला गानी कुठं येत्यात?"

"जात्यावरच्या ओव्या म्हणा," इंदुताई म्हणाल्या.

"त्या समद्या सासूला शिव्या हायत, बाई."

इंदुताई डोळे पुसता पुसता हसल्या. अगदी थोडं.

नानासाहेबांकडं मीच गेलो. आठ दिवस बाई येणार नाहीत म्हणालो. ते म्हणाले, "रजा घरच्या माणसासाठी असते." मी म्हणालो, "घरचंच माणूस गेलंय." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ठीक आहे म्हणाले.

सरुबाईनं आठ दिवस बालवाडी चालवली. पोरं घरी येऊन कसल्या कसल्या ओव्या म्हणायला लागली. दोन सासवा भांडायला आल्या.

नवव्या दिवशी इंदुताई बालवाडीत आल्या. आमच्या गल्लीतल्या पोरांना मात्र बरेच दिवस सरुबाईच बोलवायला यायची. वहिनीनंच तसं ठरवलं होतं. इंदुताईंची हाक पुन्हा दारात येणं दोघींपैकी कुणालाच झेपलं नसतं. दुपारी कधी कधी वहिनी देवळात जाऊन खांबाला टेकून बसायची. इंदुताई पोरांना शिकवत राहायच्या. तिला ऊठ म्हणायच्या नाहीत.