सात नंबरचा फॉर्म

शेवटच्या साध्या दिवशी माझं आणि आप्पांचं भांडण झालं, आणि तेही मतदार यादीवरून.

रविवार होता. मी सकाळच्या एसटीने वडगाव निंबाळकरहून, म्हणजे सासरहून, माहेरी आले होते. आई चुलीपाशी होती. आप्पा ओसरीत यादीची पानं पसरून बसले होते आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक पानावर त्यांनी एकेक कांदा ठेवला होता.

आप्पा, माझे वडील, जोतीराम. भवानीनगरजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षं कारखान्याचे चिटबॉय म्हणून काम केलं. कुणाच्या कोणत्या गटात किती ऊस, लागण कधीची, याच्या नोंदी ते बांधावर उभं राहून करायचे. पडीक रानात कुणी कागदावर ऊस दाखवला तर त्यांना लगेच कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांची ती नजर मतदार यादीकडे वळली.

आमच्याकडे लेकींची लग्नं होतात, सासरी त्यांची नावं यादीत लागतात, पण माहेरची नावं कुणी काढत नाही. एरवी त्या नावांची कुणाला आठवणही होत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मात्र जीप पाठवून लेकी आणल्या जातात. त्या मत देतात, जेवतात, संध्याकाळी परत जातात. गेल्या वेळी तात्या नऊ मतांनी सरपंच झाले. तात्या म्हणजे आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ, साहेबराव. त्यांच्या बाजूने सव्वीस लेकी आल्या होत्या. त्या संध्याकाळी मिरवणूक आमच्या दारात थांबली आणि माझा भाऊ नागेश काहीतरी बोलला. त्याला उंबऱ्यावरून ओढून पट्ट्यांनी मारलं. पट्ट्याच्या बकलाने त्याच्या कानाची पाळी तुटली. मारणारे सगळे आमच्याच भाऊकीतले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी दोघांच्या घरून आईकडे त्याच्या जखमेवर लावायला हळद आणि जुनं तूप आलं.

यंदा पुन्हा निवडणूक होती. यादीवर हरकत घ्यायची शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी पाचपर्यंत. आप्पांनी ठरवलं होतं की त्या सव्वीस नावांवर सव्वीस फॉर्म भरायचे. नाव काढण्यासाठी सात नंबरचा फॉर्म असतो. अंगणवाडीच्या सारजाताईंकडे आमच्या बूथच्या यादीचं काम होतं. त्यांच्याकडून आप्पांनी कोरे फॉर्म आणले होते.

मला त्यांनी मोबाइलवर नावं तपासायला बसवलं. मी एकेक नाव टाकत होते: नाव, वय, जिल्हा. सव्वीसच्या सव्वीस नावं दोनदा निघाली, एकदा वडिलांच्या नावाने, एकदा नवऱ्याच्या. मोनालीचंही निघालं, तात्यांच्या मुलीचं. ती वालचंदनगरला असते. लहानपणी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो.

मग मी माझं नाव टाकलं. तेही दोनदा आलं. बारामती मतदारसंघात एक, इंदापूर मतदारसंघात एक.

आप्पांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. गेल्या वेळी त्यांनीच मला आणायला गाडी पाठवली होती, आणि मी आले होते, मत दिलं होतं.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. आयुष्यभर पुस्तकांत राहिल्यामुळे असेल, योग्य-अयोग्य मोठ्याने सांगायची मला सवय आहे. मी म्हणाले, "दुसऱ्यांच्या लेकी काढायच्या आणि स्वतःची ठेवायची, याला काय म्हणायचं आप्पा?"

आईने आतून मला गप्प बस म्हटलं.  आप्पांनी सत्ताविसावा फॉर्म घेतला, तो सगळ्यांच्या वर ठेवला आणि माझं नाव लिहिलं. कारणाच्या जागी 'कायमचे स्थलांतर' या चौकटीत खूण केली. तीस वर्षं नोंदी करणारा त्यांचा हात तिथे थोडा थांबला.

"नाव काढलं म्हणून तू हितली न्हाईस असं न्हाय," ते म्हणाले.

 वाद मी जिंकला होता. जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली, ती मी अर्धी ठेवली.

दुपारी फाट्यावर एसटीची वाट बघत असताना ऋषिराजचा फोन आला. ऋषिराज तात्यांचा मुलगा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी त्याला राखी बांधते. यंदा सरपंचपदाला तोच उभा राहणार होता. तो म्हणाला की आप्पांनी फॉर्म आणल्याचं गावभर झालंय आणि मोनाली रडतेय. जिवंतपणी बापाच्या गावातून नाव खोडणार म्हणतात, असं म्हणतेय. आप्पांना आमच्यावर एवढा राग का, असंही त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आवाज दुखावल्यासारखा होता.

मला वाटलं, हे समजावता येईल. मी त्याला सांगितलं की आप्पांनी सगळ्यात वर माझा फॉर्म ठेवलाय. त्यांनी स्वतःच्या मुलीला सोडलेलं नाही, मग यात राग कुठून आला. त्याला ते पटल्यासारखं वाटलं. मग त्याने विचारलं की फॉर्म दिले का. मी सांगितलं, नाही, उद्या इंदापूरला स्वतः नेऊन देणार आहेत. गाडीवर का, असं त्याने विचारलं. हो, दहाच्या सुमाराला, मोठ्या रस्त्याचं काम चाललंय म्हणून कालव्याच्या कडेने जाणार आहेत.

"बरं झालं ताई, सांगितलंस," तो म्हणाला.

एसटीत बसल्यावर मला समाधान वाटत होतं. भाऊकी तापली होती आणि मी त्यावर पाणी ओतलं, असं मला खरंच वाटत होतं.

सोमवारी काय झालं ते मी पाहिलं नाही. पण दवाखान्यात मी आप्पांचं शरीर पाहिलं, नंतर अहवाल वाचला, आणि कालव्याच्या कडेला खुरपायला असलेल्या दोन बायकांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच बायका काही पाहिलंच नाही म्हणाल्या.

कालव्यावरच्या मोरीपाशी ट्रॅक्टर आडवा लावला होता. चौघे होते, तोंडाला रुमाल. आप्पांनी गाडी थांबवली आणि ट्रॅक्टर बंद पडला का, असं विचारलं. ते मदत करायला खाली उतरले होते. पहिला फटका त्यांच्या गुडघ्यावर बसला. ट्रॉली जोडायची लोखंडी पिन असते, हातभर लांब, तिने. ते पडले, पण फॉर्मची पिशवी पोटाशी धरून पडले, म्हणून मग हातांवर मारलं. उजव्या हाताची चार बोटं मोडली. डाव्या हाताचं मनगट उलट्या बाजूला वळलं होतं. पिशवी सुटली तेव्हा चौघे निघून गेले असते तर आप्पा आज लंगडत का होईना घरात फिरले असते. पण ते गेले नाहीत. त्यांनी फॉर्म फाडले आणि आप्पांचा जबडा दाबून तोंडात कोंबले. एकाने छातीवर गुडघा ठेवला. त्या बायकांपैकी एक म्हणाली की म्हातारं माणूस पाय झाडत होतं, खाटीक धरतो तेव्हा बकरं झाडतं तसं. मग डोक्यात दोन घाव.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या घशातून कागदाचा लगदा चिमट्याने काढला. तो स्टीलच्या ताटलीत पडला होता, लाल, ओला. बराच वेळ तो कुणी उचलला नाही. आप्पा तीन दिवस जगले. डोळे सुजून मिटले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाक मारली तेव्हा मोडलेल्या बोटांचा हात चादरीवर थोडा सरकला. तो माझ्याकडे सरकला की माझ्यापासून लांब, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

वाचलेल्या गोष्टींमध्ये मारणाऱ्याला चेहरा असतो. इथे पोलिसांनी आठवड्यात दोन पोरं पकडली, दोघेही बाहेरगावचे, आप्पांना कधी न पाहिलेले. मारायला कुणी पाठवलं हे त्यांनी सांगितलं नाही.

माझा जबाब घेताना हवालदारांनी विचारलं, आप्पा त्या वाटेने जाणार हे कुणाकुणाला माहीत होतं. मी म्हणाले, घरच्यांना. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि मी सही केली. चुलत भावाचा फोन आला होता का, असं कुणी विचारलं नाही. भाऊ बहिणीला फोन करतोच. तरी मी मोबाइलमधून त्या फोनची नोंद पुसून टाकली.

ऋषिराजने आप्पांना खांदा दिला. नागेशच्या बरोबर पुढे तो होता. स्मशानात तो माझ्यासमोर रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं असं मला वाटतं. त्याला एवढं नको असेल. फक्त फॉर्म हिसकावून आणा, एवढंच तो बोलला असेल. हा विचार मी त्याच्यासाठी करत होते की स्वतःसाठी, हे मला कळत होतं.

गावाला मात्र कुणीतरी हवंच होतं. फॉर्म कुणी दिले, तर सारजाताईंनी. म्हणजे आप्पा कधी, कुठून जाणार ही बातमीही त्यांनीच फोडली, असं बोललं जाऊ लागलं. सारजाताई विधवा आहेत, एकट्या राहतात, त्यांच्यामागे भाऊकी नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या खिडकीतून दगड आत गेला. सातव्या दिवशी भर दुपारी त्यांची स्कूटी अंगणवाडीसमोर जाळली. आत पोरं खिचडी खात होती. तेव्हा नागेश घरात नव्हता. परत आला तेव्हा त्याच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता. आईने त्याला न विचारता साबण दिला. मी दोघांकडे पाहत राहिले.

मला ऋषिराजची भीती नव्हती, तुरुंगाचीही नव्हती. बोलले असते तर आईने माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नसतं. वडील गेले होते, आई मला हवी होती. त्या हवेपणाची किंमत सारजाताई देत होत्या आणि मी देऊ देत होते.

दहावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात पंचवीस-तीस माणसं बसली होती. तात्या होते, ऋषिराज होता. अकराच्या सुमाराला सारजाताई चालत आल्या, काखेत फाइल घेऊन.  त्या आईसमोर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की वरून सांगणं आलंय, मयतांची नावं काढायचीत. आप्पांच्या नावाचा सात नंबरचा फॉर्म भरायचाय, घरच्या माणसाची सही लागेल. मग म्हणाल्या, "बनाबाई, मी दुसऱ्या कुणाकडनं फॉर्म पाठवला आसता. पर तुमच्या तोंडावर सांगायचं हुतं. मी कुणाला काय बोलले न्हाय."

आई उठली. आईने आयुष्यात कुणावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. तिने पायातली चप्पल काढून सारजाताईंच्या तोंडावर मारली, एकदा, मग पुन्हा पुन्हा. फाइल खाली पडली. सारजाताईंनी हात वर केले नाहीत. त्यांचा ओठ फुटला. दोन बायका आईला आवरायला उठल्या आणि त्यांनीही मारायला सुरुवात केली. नागेश गोठ्यातून कोयता घेऊन आला. त्याने सारजाताईंचा अंबाडा मुठीत धरून त्यांना गुडघ्यांवर पाडलं आणि मान मागे ओढली.

"कुणाला सांगितलंस," तो म्हणाला. "नाव घे, न्हायतर हितंच तोडतो."

"कुणाला न्हाय," त्या म्हणाल्या. रक्त त्यांच्या हनुवटीवरून फाटलेल्या पदरावर गळत होतं.

कुणी उठलं नाही. फक्त ऋषिराज उठला. त्याने नागेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि शहाण्या माणसासारखं म्हणाला, "सोड नागेश. सांगितलं आसंल तिनं, चुकून सांगितलं आसंल. बाईमाणूस हाय. पोलीस बघून घेतील. कोयता दे माझ्याकडं."

त्याचा आवाज फोनवर होता तसाच होता, दुखावलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. अकरा दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी ओसरीवरून खाली उतरले. नागेशचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने कोयता धरला, पातं तळव्यात घुसलं तरी सोडला नाही. आई माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडेच बघून बोलायचं होतं, दुसरीकडे बघितलं असतं तर जमलं नसतं.

"आई, सारजाताईंनी न्हाय सांगितलं," मी म्हणाले. "मी सांगितलं. रविवारी फाट्यावरनं, ऋषिराजला. आप्पा किती वाजता निघणार, कुठल्या वाटेनं जाणार, सगळं मीच सांगितलं."