हुंगायचा बोंबील

मी एक सुका बोंबील. मढच्या किनाऱ्यावर उन्हात दोरीला लटकून वाळलो, बाजारात आलो आणि विक्रोळीच्या एका चाळीत जयवंतअण्णांच्या बरणीत जाऊन पडलो. इथवर माझं आयुष्य चार बोंबलांसारखंच.

मग कोरोना आला. वास गेला की समजायचं, लागण झाली, असं कुणीतरी सांगितलं. अण्णांनी मला सुतळीने दारात टांगलं आणि जाहीर केलं, "हुंगा रे! वास आला तो पास!"

धंदा असा चालला म्हणता! लोक मास्क खाली करून रांगेत. चाळीतला नंदू रोज दोनदा यायचा. त्याला शंका कमी, भूक जास्त. शेजारच्या नीलमबेन शुद्ध शाकाहारी, त्यांना भिंतीपलीकडूनच वास यायचा. त्या घरबसल्या पास! नापास कुणीच नाही. आता खरं सांगतो, माझा वास यायला अर्धं नाक चाललं तरी पुरतं. पण तेव्हा मी गप्प राहिलो. मान कुणाला नको असतो?

खाली मैदानात फुकट तपासणीचा मंडप होता. तिथे डॉक्टरीणबाई माश्या मारत बसलेल्या.

अण्णांची सून रुचिरा बाळंतपणाला मुलुंडला माहेरी गेली होती. पहिला नातू घरी यायचा होता, म्हणून अण्णा नवा शर्ट घालून तयार. तेवढ्यात तिचा फोन आला.

"अण्णा, आधी टेस्ट करा, मगच बाळाला आणते."

"गो, माका काय झाला नाय! बोंबलाचो वास खणखणीत येता!"

"बोंबलाने सही केलेला रिपोर्ट मला चालणार नाही, अण्णा."

आतून अण्णांची बायको सुलक्षणाकाकू ओरडल्या, "जावा गपचूप! नाकात काडी घालतत, नांगर नाय!"

अण्णा कुरकुरत गेले. रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह! ताप नाही, खोकला नाही, वास शाबूत. त्या दिवशी बाळ त्यांच्या मांडीवर असतं तर? काटे माझ्यात आधीच होते, त्या विचाराने आणखी आले.

मग अख्खी चाळ मंडपात धावली. आणखी पाच जण पॉझिटिव्ह निघाले, पाचही माझ्याकडे पास झालेले. सगळे वेळीच वेगळे राहिले, म्हणून म्हातारीकोतारी वाचली.

आज अण्णा ठणठणीत आहेत. पुन्हा केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हाच रुचिराने बाळ त्यांच्या हातात दिलं. सकाळपासून ते त्याला कुणाकडे देतच नाहीत.

आणि मी? काकूंनी मला सुतळीवरून काढून मांजरीसाठी खाली टाकलंय. ती यायच्या आत सांगून घेतो. पुन्हा साथ आलीच, तर बरं वाटो न वाटो, सगळ्यांनी तपासून घ्या. एकट्यादुकट्याने तपासून भागत नाही. मी मासा आहे, मशीन नाही.

आली बघा! हिलाही माझा वास बरोब्बर आला. अहो, हिलासुद्धा आधी मंडपात न्या ना!