गुऱ्हाळावरच्या माशीचा सत्कार

शिवांजलीला माशी सापडली, ही बातमी कुंडलात पसरली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या चहात सापडली असणार. त्यात नवल ते काय, म्हणून कुणी मान वर केली नाही. मग पेपरात आलं की ही माशी आजवर जगात कुणाला ठाऊकच नव्हती आणि ती निघाली नानासोंच्या गुऱ्हाळावर. तेव्हा गाव खडबडून जागं झालं. जगात कुणाकडे नाही ते आपल्याकडे आहे म्हटल्यावर, मग ती माशी का असेना, छाती फुगायलाच हवी.

शिवांजली मूळची रहिमतपूरची, कुंडलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारी मळी काढून मागच्या खड्ड्यात टाकतात. त्या खड्ड्याच्या काठावर नाक दाबून बसून तिनं दोन हंगाम काढले होते. माशी तांदळाच्या कणीएवढी, पाय हळदीसारखे पिवळे, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. सापडला तो एकच नर. तिनं लेख लिहून परदेशी पाठवला, तर तिथल्या परीक्षकांनी कळवलं, मादी दाखवा, मग बघू. आता सगळं घोडं त्या मादीवर अडलं होतं. मिळाली तर माशीला नाव मिळणार, नाहीतर ती बिननावाची डबीत पडून राहणार. आणि हंगाम तर संपत आलेला.

गुऱ्हाळ नानासोंचं आणि कॉलेजचे अध्यक्षही नानासोच. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, माशीला नाव काय देनार?"

"गावाचं द्यावं म्हणते, नाना."

"गाव काय, सगळ्यांचंच हाय. खड्डा कुनाचा?"

"तुमचा."

"मळी कुनाची?"

"तुमचीच."

"मग माशी काय पावनी हाय व्हय?"

शिवांजलीनं विचार केला, अडला हरी. ती म्हणाली, "तुमचंच नाव देते. पण मादी मिळेपर्यंत त्या खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही."

"दिला शबुद! पर आदी सत्कार. हितंच, गुऱ्हाळावर. मंत्री आनतो."

"सत्कार कुणाचा?"

"माशीचा, तुमचा... आन् आमी बी असूच की."

नराचे चांगले फोटो काढायला ती दोन दिवस सांगलीला गेली. तिथल्या एका प्रयोगशाळेत भारीतला सूक्ष्मदर्शक होता. परत आली ती थेट कार्यक्रमाच्या सकाळी, आणि गुऱ्हाळ तिला ओळखूच येईना. फाट्यावर भलामोठा फ्लेक्स. त्यावर गॉगल घातलेले नानासो, आणि शेजारी मोबाइलवरून उचललेली, उकिरड्यावर बसते ती साधी घरमाशी. चिपाडाचे ढीग जाळून टाकलेले. खड्डा मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेला, आणि त्याच्याच उरावर मांडव. धूर मारायचं मशीन खांद्यावर घेऊन नानासोंचा उजवा हात आकाराम घामाघूम उभा होता.

"बगा मॅडम," तो अभिमानानं म्हणाला, "एक माशी ठिवली न्हाई!"

"अहो, कार्यक्रम कशाचा आहे?"

"माशीचा," आकाराम जराही न अडखळता म्हणाला. "म्हनून तर! मंत्र्याच्या तोंडावर माशा बसल्या तर गावाची अब्रू ऱ्हाईल का?"

शिवांजलीला रडू कोसळलं. दोन हंगामांची तपश्चर्या पायाखाली रोलरनं दाबून टाकलेली. ती तशीच नानासोंसमोर गेली. "नाना, तुम्ही शब्द दिला होता."

"आवं, हात कुटं लावला? जेसीबी लावला," नानासो फेटा सारखा करत म्हणाले. "माशी काय, आनिक हुतील. माशांना काय तोटा हाय?"

मंत्री आले नाहीत, त्यांचा निरोप आला. नारळ फुटला, हार पडले. शिवांजलीच्या खांद्यावर शाल आली तेव्हा तिला ती ओढून फेकावीशी वाटली. मग नानासो माइकसमोर उभे राहिले.

"ही माशी म्हंजे आपल्या मातीची लेक हाय!" ते गरजले. "ह्या नानासोच्या जिवात जीव हाय तवर तिच्या केसाला धक्का लागू देनार न्हाई!"

तेवढ्यात पेढ्यांच्या परातीवरून काहीतरी उडालं आणि नानासोंच्या उजव्या गालावर बसलं. शिवांजली जवळच होती. पिवळे पाय, पंखावर ठिपका, पोटाचं टोक निमुळतं. मादी!

ती ताडकन उठली. "नाना, हलू नका!"

नानासोंनी गालावर सणसणीत चापट मारली आणि भाषण पुढं चालू ठेवलं.

शिवांजलीनं भर व्यासपीठावर चिमट्यानं त्यांच्या गालावरून ती माशी उचलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, मॅडम, परत एकदा.

डोकं चपटं झालं होतं, पण पंख आणि पोटाचं टोक शाबूत होतं. परीक्षकांना तेवढं पुरलं, लेख छापून आला. दिलेल्या शब्दाला जागून तिनं नावही नानासोंचंच ठेवलं. नमुना कुठं, कसा, कुणी पकडला हे लिहावं लागतं, तेही तिनं खरं खरं लिहिलं. जागा: अध्यक्षांचा उजवा गाल. पद्धत: तळहात. पकडणारे: नानासो. नानासोंनी ते पान फ्रेम करून गुऱ्हाळावर टांगलं. आल्यागेल्याला दाखवत म्हणायचे, "आपल्याच हातनं झालं बगा हे."

पुढच्या हंगामात शिवांजली नव्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. चिलटं आली, घरमाशा आल्या, ती काही आली नाही. गुऱ्हाळ बंद व्हायच्या सुमारास नानासो तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"काय मॅडम, आमची माशी दिसती का कुटं?"

"नाही, नाना. शेवटची तुमच्या गालावर बसलेली बघितली."

नानासोंचा हात आपसूक गालाकडं गेला. मग त्यांनी हाक मारली, "आकाराम, फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लाव. मोठा. आन् ह्या टायमाला फोटू मॅडमकडनं घे."

आकारामनं मोबाइल पुढं केला. सांगलीला काढलेल्या फोटोंतला सगळ्यात चांगला निवडून शिवांजलीनं त्याला पाठवून दिला.