आईच्या कपाचं वजन

सलग तिसरा मधाचा केक मध्यभागी बसला, तेव्हा दादाने हात टेकले.

"नाद सोड आता," तो बहिणीला म्हणाला. "आईच्या हाताची चव होती ती. तिच्याबरोबर गेली. उद्यापासून हा केक बंद."

आईला जाऊन महिना होत आला होता. बेकरीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणायचं, सुस्कारा सोडायचं आणि पाव घेऊन जायचं. बहिणीला सुरुवातीला ते बरं वाटलं होतं. आता ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. जन्मभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या बाईचं कसब लोकांनी 'हाताची चव' म्हणून एका सुस्काऱ्यात निकालात काढलं होतं.

आई सगळं पत्र्याच्या एकाच कपाने मोजायची. या केकला सहा कप मैदा, दोन कप मध. वजनकाट्याला ती खेळणं म्हणायची. ती गेल्यावर दादाने काटा आणला आणि मोबाइलवर तक्ता शोधला. एक कप मैदा म्हणजे एकशे पंचवीस ग्रॅम.

"मधाचं वजन बरोबर आहे," बहीण म्हणाली. "मध काही दाबून बसत नाही. घोळ मैद्याचा आहे. तुझ्या तक्त्यातला मैदा चाळलेला, भुसभुशीत. आई चाळायची कुठे? पोत्यात कप खुपसायची आणि कडेला दाबून बाहेर काढायची."

"मग दाब की तूही."

तिने दाबला. काट्यावर एकशे चाळीस आले. पुन्हा भरला, एकशे त्रेसष्ट. मग एकशे एकोणपन्नास.

"ताई," भट्टीवाले काका म्हणाले, "दादांकडे न बघता भरा. बघितलं की वजन वाढतंय."

तिला हसू आलं, पण पोत्याची कड काही तिने सोडली नाही. या केकच्या मैद्याचं पोतं आई वेगळं ठेवायची, पंचवीस किलोचं. एका पोत्यात सत्तावीस केक व्हायचे. अठ्ठाविसाव्याला कधीच पुरायचं नाही. तळाशी मूठभर उरायचं, ते साच्यांना भुरभुरायचं आणि आई गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. हे तर घरात सगळ्यांनाच पाठ होतं.

तिने पावाच्या कागदावर भागाकार मांडला. सत्तावीस केकचे एकशे बासष्ट कप, पंचवीस किलोत.

"आईचा कप एकशे चोपन्न ग्रॅमचा," ती म्हणाली. "दादा, आपण प्रत्येक केकमागे पावणेदोनशे ग्रॅम मैदा कमी घालत होतो. म्हणून बसतोय."

"अगं, अशी माया काट्यावर येते का?"

"मायेचं मला माहीत नाही. मैदा येतो."

तिने नऊशे चोवीस ग्रॅम तोलून घेतले. दादा गल्ल्यावर जाऊन बसला.

केक बाहेर आला तो भरदार, कडेपासून कडेपर्यंत सपाट. काकांनी बोट टेकवून बघितलं आणि मान डोलावली. दादाने तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"छान झालाय," तो शेवटी म्हणाला. "पण काहीतरी कमी आहे बघ."

"आई कमी आहे," बहीण म्हणाली. "केकमध्ये काही कमी नाही."

आणि तिने पुढच्या केकसाठी भांडं काट्यावर ठेवलं.